मेंदूचं ऑपरेशन, पोटात बाळ: प्रेशर कसं सांभाळायचं

देवगडकडची होती ती, अठ्ठाविसावा आठवडा. डोकेदुखी आणि उलट्या 'दिवस गेलेत, व्हायचंच' म्हणून घरात सोडून दिल्या होत्या. एमआरआयमध्ये मोठी गाठ निघाली. थिएटरच्या दारात तिच्या आईने माझा हात धरला, "बाई, चेडू बरा होतला मा?"

आपल्या पट्ट्यात नव्याने भूल द्यायला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

वारेचा रक्तपुरवठा आईच्या रक्तदाबावर, म्हणजे प्रेशरवर, सरळ अवलंबून असतो, वारेला स्वतःला सावरता येत नाही. मेंदूला एरवी येतं, पण गाठीच्या आसपास ती ताकद गेलेली असते. म्हणून प्रेशर पडलं की दोघांचंही नुकसान, आणि भडकलं की आईच्या डोक्यातली सूज व रक्तस्राव वाढतो. किती ठेवायचं ते तिच्या माता-बाल संरक्षण कार्डात बघा. दर खेपेला नोंदलेलं असतं. त्याच्या २० टक्क्यांच्या आत राहा. हिचं नेहमीचं ११०/७० होतं.

टेबलावर घेतल्याबरोबर उजव्या कुल्ल्याखाली घडी केलेली चादर सारा, १५ अंश तरी डावीकडे कल हवा. नाहीतर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबून बसतं. डोकं स्थिर धरणाऱ्या पिनांत अडकवताना शरीर हलतं आणि चादर सरकते, तेव्हा हात घालून पुन्हा तपासा.

आर्टरी लाईन, म्हणजे धमनीतलं प्रेशर सतत दाखवणारी बारीक नळी, भूल देण्याआधी, जागेपणी घाला. श्वासाची नळी घालताना पोटातलं वर येण्याची भीती असते म्हणून घाई असते, आणि त्या घाईतच प्रेशर उसळतं. तीन मिनिटं पुरता ऑक्सिजन द्या, वेदना दाबणारं फेंटानिल आणि प्रेशर उतरवणारं लॅबेटॅलॉल १० मिलीग्रॅम आधी जाऊ द्या, नळी साडेसहाची घ्या. गरोदर बाईचा घसा सुजलेला असतो. पिना लावण्याआधी डोक्याची कातडी ब्युपिव्हॅकेनने बधिर करा. हे एक केलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

आता माझी एक चूक सांगते. एका जुन्या केसमध्ये डोकं वर उचललं, पण ट्रान्सड्यूसर (आर्टरी लाईनचं प्रेशर मोजणारा भाग) छातीच्या पातळीलाच राहिला. डोकं २० सेंटिमीटर उंच असेल तर मेंदूला साधारण १५ कमी मिळतं. मॉनिटरवर सरासरी ८० दिसत होतं, मेंदूला ६५. अर्ध्या तासाने लक्षात आलं. तेव्हापासून मी ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला चिकटपट्टीने बांधते. तिथे ७० ते ७५ ठेवलं की खालच्या वारेला त्याहून जास्तच मिळतं.

प्रेशर पडलं तर ते चढवणारं फिनाइलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम, लगेच. दोन आकडे बघत थांबू नका.

श्वास जोरात देऊन मेंदू सैल करायचा मोह होतो. गरोदरपणात रक्तातला कार्बन डायऑक्साइड तसाही ३०च्या आसपास असतो, तो २५च्या खाली नेलात तर गर्भाशयाचा रक्तप्रवाह घटतो. धमनीतलं रक्त तपासून ठरवा. मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून किलोला पाव ते अर्धा ग्रॅमच, हळू. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना ठोक्यांवर बसवा. भुलेत ठोक्यांचा चढउतार सपाट होतो, त्याला घाबरू नका. ठोके मंदावले तर मात्र कल, प्रेशर, कार्बन डायऑक्साइड याच क्रमाने बघा. सिझेरियन करावंच लागलं तर गर्भाशय आवळणारं मेथर्जिन देऊ नका, प्रेशर एकदम चढवतं. ऑक्सिटोसिन सलाइनमधून, सावकाश.

नळी काढताना खोकला आला की सगळं केलेलं वाया. लॅबेटॅलॉल भरून हाताशी ठेवा, पण नळी ती पूर्ण शुद्धीवर आल्यावरच काढा.

तिने डोळे उघडले, सांगितल्यावर दोन्ही हात उचलले. बाईंनी ठोके मोजले, १४२. मग मी दार उघडून तिच्या आईला आत घेतलं.