बिगरबँक वित्तीय कंपनीच्या एनसीडीसाठी अर्ज करण्यापूर्वी माहितीपत्रक कसे वाचावे

वित्तीय कंपनीच्या अपरिवर्तनीय (शेअरमध्ये न बदलणाऱ्या) कर्जरोख्यांची, म्हणजे एनसीडीची, जाहिरात आली की त्यात व्याजदर आणि पतमानांकन सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असते. बहुतेक गुंतवणूकदारांचा अभ्यास या दोन गोष्टींवरच आटोपतो. माहितीपत्रक पाच-सातशे पानांचे असते आणि ते पहिल्या पानापासून वाचायला घेतले तर विसाव्या पानापर्यंत उत्साह टिकत नाही. ते तसे वाचण्याची गरजही नाही. कोणती पाने आधी उघडायची आणि व्याजदराचा विचार शेवटी का करायचा, एवढे ठरवून घेतले तर एका संध्याकाळी निर्णयापुरता मजकूर वाचून होतो.

आधी ही कंपनी आपल्याकडे का आली आहे हे समजून घ्यावे. बँकेला बचत आणि चालू खात्यांतून स्वस्त पैसा मिळतो, बहुतेक बिगरबँक वित्तीय कंपन्यांना मात्र जनतेकडून ठेवी घेण्याची परवानगी नसते. त्यामुळे बँकांची कर्जे, कर्जरोखे आणि कमर्शियल पेपर, म्हणजे काही महिन्यांत फेडायची बिनतारणी वचनपत्रे, हेच त्यांचे मुख्य स्रोत ठरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांनी अशा कंपन्यांना दिलेल्या कर्जांवरील जोखीमभार, म्हणजे त्या कर्जांपोटी बँकेने किती भांडवल राखायचे हे ठरवणारे प्रमाण, वाढवला, तेव्हा बँकांचा पैसा महागला आणि कंपन्यांना रोख्यांच्या बाजाराकडे अधिक वळावे लागले. ती वाढ फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. म्हणजे कंपनी रोखे काढते आहे यात स्वतःहून संशयास्पद असे काही नाही, कारण कर्ज घेणे आणि ते पुढे अधिक दराने देणे हाच तिचा धंदा आहे. प्रश्न असतो तो घेतलेल्या आणि दिलेल्या कर्जांचे वेळापत्रक जुळते की नाही, याचा.

उदाहरण म्हणून मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे डीएचएफएलचा, मे २०१८ मधील सार्वजनिक एनसीडी इश्यू डोळ्यांसमोर ठेवावा. मूळ इश्यू ३,००० कोटी रुपयांचा होता, जादा मागणी राखून ठेवण्याची मुभा धरून एकूण मर्यादा १२,००० कोटींची होती आणि मानांकन ‘एएए’, म्हणजे सर्वोच्च, होते. प्रतिसाद भरघोस मिळाला. जून २०१९ मध्ये कंपनीने व्याजाचा हप्ता चुकवला आणि मानांकन ‘डी’वर, म्हणजे देणी थकवणाऱ्यांच्या श्रेणीवर, आले. तेरा महिन्यांत अशी घसरण झालेल्या कंपनीची कागदपत्रे आपल्याला काय सांगू शकली असती आणि काय सांगू शकली नसती, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

पहिले पान: इश्यूच्या अटी

अटींच्या प्रकरणात सर्वप्रथम रोखे तारणी आहेत की बिनतारणी, हे पाहावे. तारणी असतील तर तारण नेमके कशाचे, हा पुढचा प्रश्न. वित्तीय कंपनीच्या बाबतीत ते बहुधा जमीन-इमारतीचे नसून कर्जदारांकडून येणे असलेल्या रकमांवरील बोजाचे असते आणि हा बोजा इतर तारणी धनकोंसह समान हक्काचा असतो. याचा अर्थ असा की बँका, विमा कंपन्या आणि आपण एकाच पंगतीत बसलेले असतो. आपल्यासाठी वेगळे ताट वाढून ठेवलेले नसते. तारणाचे मूल्य थकबाकीच्या किती पट ठेवण्याचे कंपनीने कबूल केले आहे, हे याच ठिकाणी लिहिलेले असते.

रोखे ‘गौण’ किंवा ‘टियर दोन’ प्रकारचे असतील तर अधिक सावध राहावे. असे रोखे कंपनीच्या भांडवलात काही प्रमाणात मोजले जातात, आणि त्याची किंमत म्हणून त्यांच्या धारकांचा क्रमांक इतर धनकोंच्या मागे लागतो. माझ्या मते एकाच कंपनीचे तारणी आणि गौण रोखे यांच्या दरांत अर्धा-पाऊण टक्क्याचाच फरक असेल तर किरकोळ गुंतवणूकदाराने गौण रोख्यांच्या वाटेला जाऊ नये.

एक गैरसमज येथेच दूर करावा. बँकेतील ठेवींना असलेले पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण एनसीडीला लागू नाही. शिवाय नोंदणीकृत वित्तीय कंपन्यांनी कर्जरोख्यांच्या परतफेडीसाठी वेगळी राखीव गंगाजळी उभारण्याचे बंधनही ऑगस्ट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले. धारकांच्या वतीने लक्ष ठेवण्यासाठी डिबेंचर ट्रस्टी नेमलेला असतो. त्याचे नाव व संपर्काची माहिती टिपून ठेवावी, कारण अडचणीच्या वेळी धारकांची बाजू तोच मांडतो. तो पैशांचा हमीदार मात्र नसतो.

उद्दिष्टांचे प्रकरण भरभर वाचले तरी चालते. उभारलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के पुढील कर्जवाटप आणि जुन्या कर्जांची परतफेड यांसाठी, तर जास्तीत जास्त २५ टक्के सर्वसाधारण कामकाजासाठी, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात सारखेच आढळते.

सर्वांत महत्त्वाचा तक्ता

आता मालमत्ता आणि देणी यांच्या मुदतींचा तक्ता शोधावा. त्यात एक महिन्यापर्यंत, एक ते दोन महिने, दोन ते तीन महिने, तीन ते सहा महिने, सहा महिने ते एक वर्ष, एक ते तीन वर्षे, अशा रकान्यांत कंपनीला किती पैसे मिळायचे आहेत आणि किती द्यायचे आहेत हे मांडलेले असते. एक वर्षापर्यंतच्या सर्व रकान्यांची बेरीज करावी. येणे देण्यापेक्षा कमी असेल तर ती तूट कंपनी कशातून भरणार आहे, याचे उत्तर कागदपत्रांत सापडले पाहिजे: हातातील रोख व सरकारी रोखे, किंवा बँकांनी मंजूर केलेली पण अद्याप न वापरलेली कर्जमर्यादा. ‘नवीन कर्ज मिळेल’ हे उत्तर बाजार चांगला असेपर्यंतच खरे असते.

हे २०१८ मध्ये फार स्पष्ट दिसले. पायाभूत क्षेत्राला कर्ज देणारा आयएल अँड एफएस हा समूह ऑगस्ट २०१८ पर्यंत ‘एएए’ मानांकनाचा होता आणि सप्टेंबरमध्ये त्याने देणी थकवली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएलचे कमर्शियल पेपर चढ्या परताव्यावर, म्हणजेच पडत्या भावात, विकल्याची बातमी पसरली आणि कंपनीचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. गृहकर्जे पंधरा-वीस वर्षांत वसूल होतात, कमर्शियल पेपर मात्र काही महिन्यांत फेडावे लागतात. नवे पेपर विकत घेणारे मागे सरले की जुने फेडण्यासाठी मालमत्ता विकण्यावाचून मार्ग राहत नाही. या अनुभवानंतर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये तरलतेचे नियम कडक केले आणि मोठ्या कंपन्यांना डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने सहज रोखीत बदलणाऱ्या मालमत्तेचा ठरावीक साठा बाळगणे बंधनकारक केले. त्यामुळे आजचे तक्ते पूर्वीपेक्षा बरे दिसतात. तरीही तक्त्याखालील टिपा वाचाव्यात, कारण कर्जदार मुदतीपूर्वी किती परतफेड करतील याविषयीचे गृहीतक कंपनीनेच धरलेले असते आणि ते उदार असेल तर तक्ता आपोआप देखणा होतो.

तक्त्याला जोडूनच ‘आर्थिक देणी’ हे प्रकरण पाहावे. एकूण कर्जात कमर्शियल पेपरचा वाटा किती आहे, सर्वांत मोठ्या दहा धनकोंकडून किती घेतले आहे, आणि पूर्वी कोणता हप्ता उशिरा भरला गेला आहे का, हे तिथे कळते.

कर्ज कोणाला दिले आहे

सोने, दुचाकी, ट्रॅक्टर किंवा लहान घरे यांसाठी लाखो लोकांना दिलेले कर्ज आणि पन्नास बिल्डरांना दिलेले कर्ज यांची जोखीम सारखी नसते. म्हणून सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, तो आकडा शोधावा. त्यानंतर ढोबळ आणि (बुडीत कर्जांसाठीची तरतूद वजा करून येणारे) निव्वळ थकीत कर्जांचे प्रमाण तीन वर्षांसाठी ओळीने मांडावे, आणि त्या प्रत्येक वर्षी कर्जवाटप किती टक्क्यांनी वाढले तेही शेजारी लिहावे. वाटप झपाट्याने वाढत असेल तर थकीत कर्जांचे प्रमाण काही काळ कमीच दिसते, कारण भागाकाराचा छेद वाढत असतो आणि नवी कर्जे थकायला वेळ लागतो. भांडवल पर्याप्ततेचे, म्हणजे जोखमीच्या मालमत्तेच्या तुलनेत कंपनीच्या भांडवलाचे, किमान प्रमाण १५ टक्के आहे. त्याहून चार-पाच टक्के अधिक असलेली कंपनी मला बरी वाटते.

कागदांची मर्यादाही मान्य करावी. डीएचएफएलचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले आणि नंतर प्रशासकाने नेमलेल्या लेखापरीक्षकांनी हजारो कोटींच्या संशयास्पद व्यवहारांवर बोट ठेवले. असे व्यवहार माहितीपत्रक वाचून सामान्य माणसाला कळत नाहीत. त्यावर एकच उपाय हातात राहतो, तो म्हणजे एका कंपनीत आपल्या एकूण स्थिर उत्पन्नाच्या गुंतवणुकीचा लहानसाच भाग ठेवणे. सप्टेंबर २०२१ मध्ये डीएचएफएल पिरामल समूहाकडे गेली तेव्हा सुमारे ८७,००० कोटींच्या दाव्यांपोटी पिरामलकडून धनकोंना अंदाजे ३४,२५० कोटी मिळाले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम रोखीने न मिळता ६.७५ टक्के व्याजाच्या दहा वर्षांच्या नव्या कर्जरोख्यांच्या रूपात मिळाली.

मानांकनाकडे यानंतर वळावे. ‘एए’ हे अक्षर वाचून थांबू नये. मानांकन संस्थेच्या संकेतस्थळावर दोन-चार पानांचे कारणपत्र मोफत मिळते, त्यात ‘मानांकन कशामुळे घसरू शकते’ असा परिच्छेद असतो, तो माहितीपत्रकातील शंभर पानांच्या जोखीम-प्रकरणापेक्षा अनेकदा अधिक उपयोगी पडतो.

व्याजदर, मालिका आणि कर

एवढे पटले तरच व्याजदराचा तक्ता उघडावा. त्यात मासिक, वार्षिक आणि एकरकमी परतफेडीच्या मालिका असतात. मासिक मालिकेचा दर ८.६५ टक्के आणि वार्षिक मालिकेचा ९ टक्के असेल तर मासिक मालिका महाग किंवा स्वस्त नसते. दरमहा मिळणारे व्याज पुन्हा गुंतवले असे धरल्यास दोन्हींचा परिणाम सारखाच येतो. एकरकमी मालिकेत ९ टक्के दराने १,००० रुपयांचे पाच वर्षांत सुमारे १,५३९ रुपये होतात. निवृत्तांनी घरखर्चासाठी मासिक मालिका घेणे योग्यच आहे, मात्र मुद्दल मुदतीअखेरच मिळणार हे गृहीत धरूनच.

व्याजावर आपल्या टप्प्यानुसार कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला ९ टक्क्यांतून उपकर धरून सुमारे ६.१९ टक्के उरतात. सूचीबद्ध डीमॅट रोख्यांच्या व्याजावर पूर्वी मुळातून करकपात होत नसे. ती सवलत एप्रिल २०२३ पासून संपली आहे. बाजारात विकून नफा झाल्यास एक वर्षाहून अधिक काळ धारण केलेल्या सूचीबद्ध रोख्यांवर १२.५ टक्के कर आहे. विकण्याचा विचार असेल तर त्याच कंपनीच्या जुन्या मालिकांचे एक्स्चेंजवरील (शेअर बाजारातील) व्यवहार आधी पाहावेत. कित्येक मालिकांत दिवसेंदिवस एकही सौदा होत नाही, आणि झाला तर खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर तोंडचे पाणी पळवणारे असते.

अर्ज करताना

डीमॅट खाते आणि पॅन आवश्यक आहे. सार्वजनिक इश्यूत एका रोख्याचे दर्शनी मूल्य सहसा १,००० रुपये आणि किमान अर्ज १०,००० रुपयांचा असतो. १० लाखांपर्यंतचा अर्ज किरकोळ गटात मोडतो. पैसे खात्यातच अडकवून ठेवले जातात; यूपीआयने ५ लाखांपर्यंत अर्ज करता येतो, त्याहून मोठ्या रकमेसाठी बँकेमार्फत अर्ज करावा. यूपीआयची मंजुरी त्याच दिवशी द्यावी. रोख्यांचे वाटप अर्जाच्या तारखेच्या क्रमाने होते आणि ज्या दिवशी मागणी मर्यादेबाहेर जाते त्या दिवसापासूनच्या अर्जांना प्रमाणात वाटप मिळते, म्हणून चांगला इश्यू असेल तर शेवटच्या तारखेची वाट पाहण्यात अर्थ नाही. मूळ इश्यूच्या ७५ टक्के मागणीही आली नाही तर पैसे मोकळे होतात.

वाटपानंतर व्याजाच्या तारखा, डीमॅटला जोडलेले बँक खाते आणि वारसनोंद तपासून ठेवावी. कंपनीच्या मानांकनातील प्रत्येक बदल एक्स्चेंजला कळवावा लागतो. तिमाहीत एकदा कंपनीच्या पानावरील या सूचना चाळाव्यात. हप्ता ठरल्या दिवशी जमा झाला नाही तर कंपनी, निबंधक (धारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) आणि ट्रस्टी यांना एकाच वेळी लेखी कळवावे, आणि समाधान न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ प्रणालीवर तक्रार नोंदवावी. त्यासाठी वाटपपत्र व माहितीपत्रकाची प्रत संगणकावर पहिल्याच दिवशी उतरवून ठेवलेली बरी.