एचडी व्हिडिओ धूसर दिसतोय? मॉनिटर बदलण्याआधी या चुका टाळा

व्हिडिओ धूसर दिसला की पहिला संशय मॉनिटरवर जातो. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. एचडी म्हणजे 1280 बाय 720 पिक्सेल (720पी) आणि फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080 (1080पी). जुने 17 इंची, चौकोनी वाटणारे एलसीडी मॉनिटरसुद्धा साधारण 1280 बाय 1024 चे असायचे. त्यावर 720पी व्हिडिओ पुरता मावतो, फक्त वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या घालवण्यासाठी चित्र ताणू नका. माणसं लांबुडकी दिसतात आणि स्पष्टता तसूभरही वाढत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिझोल्यूशनच्या सेटिंगमध्ये. अक्षरं बारीक दिसतात म्हणून घरातलं कोणीतरी फुल एचडी मॉनिटरवर 1280 बाय 720 लावून ठेवतं आणि मग सगळंच पुसट दिसायला लागतं. अक्षरं मोठी हवी असतील तर विंडोजमध्ये 'स्केल' वाढवा. रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच राहू द्या. मग 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. तिथे 'डेस्कटॉप मोड' आणि 'ॲक्टिव्ह सिग्नल मोड' असे दोन आकडे दिसतात. दोन्ही सारखे हवेत आणि मॉनिटरच्या नेटिव्ह रिझोल्यूशनशी, म्हणजे पॅनेलवर प्रत्यक्ष असलेल्या पिक्सेलच्या संख्येशी, जुळायला हवेत. हे नेटिव्ह रिझोल्यूशन खरेदी करतानाच बघितलेलं बरं. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' छापलेलं असलं, तरी काही वेळा मॉनिटर तो सिग्नल फक्त घेतो आणि पॅनेलवर दाखवताना पिक्सेल कमी करतो.

आता केबल. व्हीजीएवरून 1080पी जातं, पण सिग्नल ॲनालॉग असल्यामुळे कडा मऊ पडतात. शिवाय व्हीजीएवर एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण चालत नाही, त्यामुळे पैसे भरून घेतलेली स्ट्रीमिंग सेवा कमी दर्जाचं चित्र देऊ शकते किंवा सरळ काळा पडदा दाखवते. एचडीएमआय लावूनही काळा रंग राखाडी दिसत असेल, तर बहुधा ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून रंगांच्या 0 ते 255 पातळ्यांऐवजी 16 ते 235 एवढ्याच पाठवतंय. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये 'फुल' रेंज निवडा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र पडद्याबाहेर थोडं मोठं करून दाखवणं, बंद करा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर व्हिडिओच तपासा. यूट्यूबवर 'ऑटो' असेल तर नेट मंदावताच दर्जा गुपचूप 480पीवर, कधी त्याहूनही खाली येतो. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, आत्ता येणारं रिझोल्यूशन तिथे कळतं. रिझोल्यूशन बरोबर आहे, पण चित्र अडखळतंय आणि 'ड्रॉप्ड' (गाळलेल्या) फ्रेम्सचा आकडा सारखा वाढतोय? मग दमतोय तो कॉम्प्युटर. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डकडे देणारी सोय) चालू करा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा. तरीही अडखळलं तर एक पायरी खालचा दर्जा निवडा.