गॅसची टाकी आडवी करणाऱ्यांनो, या चुका टाळा

गॅस संपत आला की टाकी आडवी करायची ही खोड घरोघरी आहे आणि कॅम्पिंगला ती हमखास उफाळते. ५ किलोची टाकी, वर पंधरा जणांच्या रश्शाचं पातेलं आणि बर्नर पूर्ण सोडलेला. थोड्या वेळाने टाकीच्या खालच्या अंगावर दव धरतं, ज्योत मलूल होते. गॅस संपलेला नसतो. आतल्या पातळ गॅसची वाफ होताना टाकी गार पडते, म्हणून दाब उतरतो. पण भुकेल्या मंडळींना धीर कुठला! एक जण टाकी हलवतो, दुसरा आडवी करतो. मग वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत शिरतो आणि बाहेर पडताना जवळपास अडीचशे पट फुगतो. बर्नरवर हातभर पिवळा भडका उठतो आणि पहिल्या भुवया जातात त्या पातेल्यात डोकावणाऱ्याच्या.

बर्नर बारीक करा आणि थांबा, इतकंच करायचं असतं. टाकीला चुलीजवळ सरकवून ऊब देऊ नका. गॅस किती उरलाय हे वजनकाट्यावर कळतं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, ते वजा करा. पंधरा जणांचा स्वयंपाक असेल तर मुळात मोठी टाकी न्या.

वारा लागतो म्हणून शेगडी तंबूत घेऊ नका. तंबू पेटायचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला काही कळतही नाही.

मोठ्या टाकीतून छोटी भरून घेणं बेकायदा आहे. अंदाजाने काठोकाठ भरलेल्या टाकीत गॅसला फुगायला जागाच उरत नाही. तीच टाकी मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत जाते.

घरची सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे व्हॉल्व्हमधलं काळं रबरी वॉशर. टाकी आली की माणूस दारात असतानाच टोपी काढा आणि टॉर्च मारून बघा. वॉशर गायब, चिरलेलं किंवा तिरकं बसलेलं असेल तर टाकी परत. रेग्युलेटर बसवल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. काडी ओढून गळती शोधणारे अजून आहेत, त्यांना काय सांगावं! पांढरी टोपी दोरीसकट जपून ठेवा. व्हॉल्व्ह गळलाच तर रेग्युलेटर काढून तीच बसवायची असते.

वास आला तर दिव्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनही नको, ठिणगी दोन्हीकडे पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ हा गॅसगळतीचा हेल्पलाइन नंबर लावा. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून टाकीच्या कपाटाला खाली भोकं हवीत आणि तळघरात टाकी नकोच.

नळी ५ वर्षांनी बदला, तारीख तिच्यावरच छापलेली असते. तिला फडकं गुंडाळू नका, उंदराने कुरतडलेलं दिसत नाही.

टाकीच्या पट्टीवरचं ‘सी-२७’ म्हणजे २०२७ च्या तिसऱ्या तिमाहीत, सप्टेंबरअखेर, टाकीच्या चाचणीची मुदत. आतला गॅस शिळा होत नाही.