तोफ वाजायच्या आत: भर उन्हाळ्यातल्या रोमची तयारी

नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. मुलगी रोमला शिकायला होती. वर्ष संपल्यावर तिचं सामान आवरायला आम्ही दोघं जुलैत गेलो. जायच्या आधी ती फोनवर सांगत होती, "आई, इथे फार ऊन आहे गं," आणि आम्ही हसत होतो. पस्तीस-छत्तीस अंश म्हणजे आमच्याकडे मार्चमधलं. तिसऱ्या दिवशी मी एका देवळासारख्या दिसणाऱ्या इमारतीच्या सावलीत डोकं धरून बसले होते आणि मुलगी रुमाल ओला करून आणत होती. कारण साधं आहे. मे महिन्यात बारा ते पाच आपण घरात कुलरसमोर असतो. रोममध्ये तेच पाच तास आपण तापलेल्या दगडांवर चालत असतो, कारण पैसे भरलेत आणि दिवस मोजके आहेत. त्यातून 18 जुलै 2023 ला त्या शहरात 41.8 अंशांची नोंद झालेली आहे, म्हणजे अगदीच मार्च नाही. तेव्हा यादी करायला बसाल तर पहिलं हे लिहा: रोजची दुपार कुठे काढायची. बाकीची यादी त्यातूनच निघते.

कागदपत्रांचं लवकर उरकतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शाळांच्या सुट्ट्यांत अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की त्याच आठवड्यात हात घाला. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जेनेरिक नावांसह घ्या. प्लगचा अडॅप्टर इथूनच न्या, आपली तीन पिनांची खटपट तिथल्या भिंतीत जात नाही.

खोली घेताना एसी आहे ना, हे विचारून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. तो दिवसभर चालतो का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे सगळं लिहून विचारा. आमच्या खोलीत एसी होता, पण किल्ली खाचेतून काढली की तोही बंद, त्यामुळे संध्याकाळी दार उघडलं की तव्यावरून उठल्यासारखी वाफ अंगावर यायची. छताला पंखा हा प्रकार तिथे जवळपास नाही. घरमालकीणबाईंनी एक गोष्ट शिकवली ती मात्र आपल्या ओळखीची निघाली: सकाळी नऊलाच खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून घ्यायच्या आणि ऊन उतरल्यावरच उघडायच्या. आपल्याकडे वाळ्याचे पडदे, तिथे झडपा. बाथरूमची काळजी करणाऱ्यांसाठी खुशखबर, इटलीत घरोघरी बिडे, म्हणजे बसून धुवायचं वेगळं भांडं, असतो, 1975 पासून तर तसा नियमच आहे. तांब्या घरी ठेवून जायला हरकत नाही.

आता तिकिटं. कोलोसियमची अधिकृत तिकिटं साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात आणि त्यावर नाव छापलेलं असतं, म्हणून पासपोर्टावर आहे तसंच नाव भरा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. वेळ निवडताना आपण सवयीनं "जेवून निवांत जाऊ" म्हणून दुपारची घेतो, ती घेऊ नका. सकाळची पहिली मिळाली तर तीच घ्या. इ.स. 80 मध्ये टायटस बादशहानं हे मैदान उघडलं तेव्हा प्रेक्षकांवर सावली धरायला वर प्रचंड कापडी छत ताणायची सोय होती आणि त्यासाठी खास खलाशी ठेवलेले असत. आज ते छत नाही, खलाशीही नाहीत. शेजारचं फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, तर त्याहून उघडं, उन्हात चमकणारे खांब आणि धूळ. तेही त्याच सकाळी, अकराच्या आत उरका. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. तो शेवटचा रविवार फुकट असतो, आणि फुकट म्हटल्यावर जुलैच्या उन्हात रांग किती लांब असेल ते मी सांगायला नको.

रोममध्ये जानिकोलो टेकडीवर रोज दुपारी बाराला तोफ उडते. 1847 साली पोप नववे पायस यांनी ही प्रथा सुरू केली, कारण गावातल्या चर्चच्या घंटा प्रत्येक आपापल्या वेळेनं वाजत. 1904 पासून ती या टेकडीवरून उडते. मुलीनं आम्हाला सांगितलं, आपल्यासाठी ही तोफ म्हणजे आत जायचा भोंगा समजायचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात. सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाच्या सुमारास आणि खरा तडाखा तीन ते पाच असतो. आपल्या अंदाजानं "चार वाजले, ऊन उतरलं" म्हणून बाहेर पडाल तर फसाल. दुसरी अडचण अशी की थंड जागा म्हणून चर्चमध्ये शिरावं, तर पुष्कळ लहान चर्चेस बारा-साडेबाराला बंद होऊन थेट चारच्या सुमारास उघडतात. म्हणून दुपारच्या जागा आधी हेरून ठेवा आणि त्यांच्या वेळा लिहून घ्या. सेंट पीटर्सचं मोठं चर्च दुपारी उघडं असतं, पण बाहेरची तपासणीची रांग उघड्या चौकात, म्हणून तिथे सकाळीच जा आणि मग बाहेर पडायची घाई करू नका. आप्पिया रस्त्यावरची भुयारी दफनघरं बाराही महिने सोळा अंशांच्या आसपास असतात. तिथे जाताना दुपट्टा घ्या, घामानं भिजलेल्या अंगाला गारठा बोचतो. माझी सगळ्यात आवडती जागा सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली मिथ्रास नावाच्या देवाचं रोमन मंदिर. जिना उतरत गेलं की पायाखाली कुठेतरी पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. यजमान तिथल्या भिंतीला पाठ टेकून वीस मिनिटं डोळे मिटून उभे होते. त्यांना इतिहासात एवढा रस मी पहिल्यांदाच पाहिला.

पँथिऑन या जुन्या रोमन मंदिराला 2023 पासून तिकीट आहे. ते मात्र भर दुपारीच बघा, कारण घुमटाच्या मधोमध जवळपास नऊ मीटरचं भोक आहे आणि उन्हाळ्यात त्यातून उतरणारा उन्हाचा गोल थेट फरशीपर्यंत येतो. लोक त्या गोलाच्या कडेकडेनं सरकत असतात. आम्हीसुद्धा.

कपड्यांत एकच पेच. बाहेर शक्य तेवढं कमी अंगावर हवं आणि चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आपल्या बायकांसाठी सुती कुर्ता आणि पातळ पायजमा यावर उत्तम तोड आहे, पोरींनी कितीही नाकं मुरडली तरी. पुरुषांनी अर्ध्या चड्ड्या खोलीवरच ठेवाव्या. आमचे साहेब ऐकले नाहीत आणि दारावरून परत आले. नागपुरी पद्धतीनं दुपट्टा तोंडाला बांधायचा मोह मात्र आवरा, पोलिस बघत राहतात. छत्री न्या, टोपी न्या. चपला नवीन नकोत आणि पातळ तळाच्या तर मुळीच नकोत. रस्ते सानपिएत्रीनी नावाच्या काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, वर्षानुवर्षांच्या चाकांनी गुळगुळीत झालेले, मधल्या फटी बरोबर पावलाच्या मध्यावर येणाऱ्या. चाकाची मोठी बॅग त्यावरून ओढून बघा, हात दुसऱ्या दिवशी वर होत नाही.

पाण्याची बाटली हवी, पण काचेची नको आणि रिकामीच न्या. रोममध्ये रस्तोरस्ती नासोनी आहेत, म्हणजे "मोठी नाकं": कमरेएवढे ओतीव लोखंडी खांब आणि त्यांना बाकदार नळी. पहिले 1874 मध्ये बसवले, आज सुमारे अडीच हजार आहेत. पाणी पिण्याचं, गार आणि अखंड वाहतं. बाटली न भरता प्यायची युक्ती मुलीनं दाखवली. नळीचं तोंड बोटानं दाबायचं, की वरच्या बाजूच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि बरोबर तोंडात येतं. मी दाबलं ते जरा जोरात, चष्म्यासकट न्हाऊन निघाले. नुसत्या पाण्यावर राहू नका, इलेक्ट्रॉलच्या पुड्या रोज दोन या हिशेबानं घ्या. पन्ह्याचा गर न्यायचा विचार मीही केला होता, पण बरणी बॅगेत फुटली तर काय होईल ते डोळ्यांसमोर आलं.

खाण्यात शाकाहाऱ्यांनी दोन ठिकाणी सावध राहायचं. भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की आपला जीव कासावीस होतो, पण त्या फुलांत चीजबरोबर बहुधा छोटी खारी मासळी भरलेली असते. सुप्लीत, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यात, बहुधा खिमा असतो. दोन्ही विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आत सहसा उघडत नाहीत, म्हणून पिशवीत चिवडा असू द्या. स्पॅनिश पायऱ्यांवर बसून तो खायचा बेत करू नका, 2019 पासून तिथे बसायलाच बंदी आहे आणि दंड 400 युरोंपर्यंत जातो.

15 ऑगस्टच्या आसपास जात असाल तर आणखी एक नोंद. त्या दिवशी तिकडे फेरागोस्तो असतो, ऑगस्टस बादशहानं इ.स.पू. 18 मध्ये घालून दिलेली सुट्टी. निम्मं गाव समुद्रावर पळतं, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारावर "रजेवर" अशी चिठ्ठी लागते. औषधं आणि किराणा आदल्या दिवशीच घ्या. 5 ऑगस्टला तिथे असाल तर सांता मारिया माज्जोरे या चर्चला जा. चौथ्या शतकात याच दिवशी त्या टेकडीवर बर्फ पडलं अशी कथा आहे, आणि तिची आठवण म्हणून छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात.

जुलैत उजेड जवळपास नऊपर्यंत असतो, तेव्हा दुपारी झोपा आणि सातनंतर नदीकाठी जा. तिथल्या टपऱ्यांवर ग्रात्ताकेक्का मिळतो. लादीवरून हातानं किसलेला बर्फ, वर सरबत. आपला गोळाच, फक्त काडीऐवजी ग्लासात. 64 नंबरच्या बसनं जाणार असाल तर पाकीट पुढच्या खिशात ठेवा, ती बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. आणि ओडोमॉस विसरू नका, तिथले पट्टेरी डास संध्याकाळची वाटही पाहत नाहीत.