ड्राफ्टला त्याच रात्री गुण देताय? या चुका टाळा

जुलैत अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, संपतो आणि तासाभरात चाहते आपापल्या संघाला पास-नापास करून मोकळे होतात. आयपीएलच्या लिलावात घेतलेला खेळाडू पुढच्याच हंगामात मैदानात दिसू शकतो. इथे शाळेतून उचललेल्या पोराला मोठ्या संघापर्यंत पोचायला चार-पाच वर्षं सहज लागतात, आणि बहुतेक जण पोचतच नाहीत. पण घाईहूनही मोठी चूक वेगळीच आहे. 20 फेऱ्यांची यादी नुसती नावांची म्हणून वाचली जाते, खरं तर तो एकाच बजेटचा जमाखर्च असतो.

बोनस न बघता निवडीला नावं ठेवणं

पहिल्या 10 फेऱ्यांतल्या प्रत्येक पिकला (निवडीला) सही करताना द्यायच्या बोनससाठी लीगने एक रक्कम ठरवून दिलेली असते. तिला स्लॉट म्हणतात. संघाच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा बोनस पूल. एकाला स्लॉटपेक्षा कमी देऊन वाचलेले पैसे दुसऱ्याला देता येतात. पूलच्या वर 5 टक्क्यांपर्यंत गेलं तर जादा रकमेवर 75 टक्के कर बसतो. 5 टक्के ओलांडले की पुढची पहिल्या फेरीची निवडच हातची जाते, म्हणून त्या रेषेपलीकडे कुणी पाऊल टाकत नाही. समजा पूल 1 कोटी डॉलरचा आहे. मग प्रत्यक्षात 1 कोटी 5 लाख वाटता येतात आणि वर 3 लाख 75 हजार कर भरावा लागतो. संघाचा हात किती सैल आहे हे या आकड्यावरून कळतं.

2012 मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला घेतलं. स्लॉट होता 72 लाख डॉलरचा, त्याने करार केला 48 लाखांवर. उरलेल्या पैशांच्या जोरावर 41व्या क्रमांकाच्या लान्स मॅककलर्स ज्युनियरला 25 लाख, म्हणजे स्लॉटच्या जवळपास दुप्पट, आणि चौथ्या फेरीतल्या रिओ रुईझला 18 लाख 50 हजार देता आले. कोरेया आणि मॅककलर्स दोघंही 2017 च्या विजेत्या संघात होते.

2022 ला टेक्सस रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर कुमार रॉकर घेतला तेव्हा नावं ठेवणाऱ्यांचा गलका झाला. आईकडून भारतीय वंशाचा हा पिचर (चेंडू टाकणारा) आदल्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडला होता, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच झाला नव्हता. रेंजर्सने त्याला सुमारे 76 लाखांच्या स्लॉटवर 52 लाख दिले आणि चौथ्या फेरीत शाळकरी पिचर ब्रॉक पोर्टरला 37 लाख देऊन आणलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडी त्यांच्याकडे नव्हत्याच. म्हणून गुण द्यायचे तर या जोडीला मिळून द्या, एकट्या रॉकरला नव्हे.

करार जाहीर होऊ लागले की चार रकाने आखा: पिक, स्लॉट, बोनस, फरक. सातव्या ते दहाव्या फेरीत कधी न ऐकलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली नावं दिसली तर संघ झोपला होता असं समजू नका. अशा खेळाडूकडे कॉलेजात परतायचा पर्याय फारसा नसतो, तो दहा-वीस हजार डॉलरवर सही करतो आणि बाकीचा स्लॉट वाचतो. अकराव्या फेरीपासून नियम बदलतो: 1 लाख 50 हजार डॉलरपर्यंतचा बोनस पूलमध्ये धरत नाहीत, फक्त त्यावरची रक्कम धरतात. पहिल्या 10 फेऱ्यांतल्या एखाद्याने सही केली नाही तर त्याचा स्लॉट पूलमधून वजा होतो. अकराव्या फेरीत ते नुकसान नाही, त्यामुळे महागडा शाळकरी खेळाडू तिथे घेऊन ठेवणं हा हिशेबी जुगार ठरतो.

सही झाली नाही म्हणजे पिक वाया गेला, असं मानणं

पहिल्या तीन फेऱ्यांत करार फिसकटला तर पुढच्या वर्षी भरपाईचा पिक मिळतो. 2014 ला अ‍ॅस्ट्रोजचा पहिल्या क्रमांकाचा ब्रेडी एकेन सही न करताच गेला. 2015 ला त्याबदल्यात मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी अ‍ॅलेक्स ब्रेगमन घेतला. रॉकर गेल्यावर मेट्सनाही 2022 मध्ये अकरावा क्रमांक मिळाला होता.

पहिल्या महिन्याच्या सरासरीवर भाळणं

जुलैत निवडलेला बॅटर त्या हंगामात जेमतेम 100 वेळा बॅटिंगला येतो. 24 हिट (यशस्वी फटके) म्हणजे सरासरी .240, 29 हिट म्हणजे .290. महिनाभरात पाच चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून निघाले, इतकाच काय तो फरक. त्याऐवजी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) यांचं प्रमाण बघा, कमी सामन्यांतही ते बऱ्यापैकी खरं बोलतं. कॉलेजात धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडीच लागते. कॉलेजच्या होमरनपेक्षा उन्हाळ्यात लाकडी बॅटवर खेळल्या जाणाऱ्या केप कॉड लीगमधली कामगिरी म्हणूनच जास्त कामाची.

आकड्याशेजारी वय लिहायला विसरू नका. मोठ्या संघाखालच्या पायऱ्यांपैकी खालच्या सिंगल-एला 21 वर्षांच्या कॉलेज खेळाडूने धुलाई केली तर ती अपेक्षितच आहे. तिथे 18 वर्षांचा मुलगा टिकून राहिला तर कान टवकारा. पुढे मोठा तारा झालेला माइक ट्राउट निवडला गेला तेव्हा 17 वर्षांचा होता. मोठ्या संघाच्या लगेच खालच्या ट्रिपल-एमध्ये अल्बुकर्की किंवा रेनोसारखी उंचावरची मैदानं बॅटरला उदार असतात, तेव्हा घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा.

"आपल्याकडे शॉर्टस्टॉप आहे की!"

गरज बघून ड्राफ्ट करायला हे अमेरिकन फुटबॉल नव्हे. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून आलेला खेळाडू पुढे दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर किंवा आउटफिल्डमध्ये (बेसच्या मागे, सीमेकडे) सरकतो. 2011 च्या पाचव्या फेरीत रेड सॉक्सने घेतलेला मूकी बेट्स इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, होता. दुसऱ्या बेसवर डस्टिन पेड्रोया ठाण मांडून बसलेला, म्हणून बेट्स आउटफिल्डमध्ये गेला.

नंतरच्या शहाणपणाने आधीचा निकाल लावणं

2009 ला ट्राउट 25वा गेला, हे सांगून बाकीच्या संघांना हसणं सोपं आहे. पण त्याला घेणाऱ्या खुद्द एंजल्सनी 24व्या क्रमांकावर आधी रँडल ग्रिचकला घेतलं होतं! तुलना करायची तर आपल्या पिकनंतरच्या दहा-बारा नावांशी करा, आणि त्या दिवशी काय माहीत होतं ते धरून करा.

मग निकाल लावायचा कधी? खेळाडूला मोठ्या संघाच्या 40 जणांच्या यादीत घेऊन रूल 5 ड्राफ्टपासून (त्यात यादीबाहेरचे खेळाडू इतर संघ उचलू शकतात) वाचवायचं की नाही, हे संघाला नोव्हेंबरात ठरवावं लागतं. सही करताना वय 19 किंवा जास्त असेल तर ही वेळ चौथ्या हंगामानंतर येते, 18 किंवा कमी असेल तर पाचव्या. 2021 ला घेतलेल्या कॉलेज खेळाडूंचा फैसला 2024 च्या नोव्हेंबरात झाला. संघाला स्वतःला तो खेळाडू किती मोलाचा वाटतो, हे तिथे उघड होतं.

त्याआधीच खेळाडू ट्रेडमध्ये (दोन संघांतल्या अदलाबदलीत) गेला तर दोन खाती वेगळी ठेवा. 2015 चा पहिला पिक डॅन्सबी स्वान्सन अ‍ॅरिझोनाने त्याच डिसेंबरात शेल्बी मिलरच्या बदल्यात अटलांटाला देऊन टाकला. ती चूक ट्रेडच्या खात्यात मांडा, ड्राफ्टच्या नाही.