हळदीतलं शिसं लेड क्रोमेटचंच आहे का, हे कसं तपासायचं

हळद पावडरीत शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली म्हणून लगेच भेसळ सिद्ध होत नाही, कारण शिसं मातीतूनही येतं. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिसं आणि क्रोमियम असलेला पिवळा रंग) घातलं असेल, तर क्रोमियमही ठरलेल्या प्रमाणात येतं: वजनाने सुमारे 4 भाग शिसं, 1 भाग क्रोमियम. म्हणून दोन्ही धातू एकाच द्रावणात मोजा.

हळकुंडं धुऊ नका; पॉलिश करताना लावलेला रंग सालीवरच असतो. दळायला स्टीलचं मिक्सर भांडं नको. पात्याचं क्रोमियम नमुन्यात उतरतं आणि गुणोत्तर तिथंच बिघडतं. अगेट या कठीण दगडाचा खल घ्या. पावडर असेल तर अख्खं पाकीट रिकामं करून मिसळा, कारण जड लेड क्रोमेट तळाशी बसतं. त्यातून तीन वेगवेगळे भाग तोलून घ्या. तिन्हींच्या निकालांत मोठा फरक आला, तर तोही रंगाच्या कणांचा इशारा समजा.

टेफ्लॉनच्या भांड्यात 0.5 ग्रॅम पावडर, 7 मिली शुद्ध नायट्रिक आम्ल आणि 1 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. झाकण न लावता 20 मिनिटं थांबा. घाई केली तर फेस उसळतो आणि बंद भांड्यात दाब अचानक चढतो. मग झाकण लावून प्रयोगशाळेच्या मायक्रोवेव्हमध्ये (घरगुती नव्हे) हळूहळू 200 अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन 20 मिनिटं ठेवा. पूर्ण थंड झाल्यावरच, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडा. तळाशी पांढरी सिलिका चालेल, पिवळे कण राहिले तर डायजेशन, म्हणजे आम्लात विरघळवणं, अपुरं आहे.

50 मिलीपर्यंत पाणी घाला, पुन्हा दहापट पातळ करा. या हिशेबात आयसीपी-एमएसवरचा (अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणारं यंत्र) एक पीपीबी (अब्जात एक भाग) म्हणजे पावडरीतला एक पीपीएम (किलोला 1 मिलिग्रॅम), त्यामुळे आकडेमोडीत चूक होत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते क्रोमियम 52, म्हणजे 52 वस्तुमानाचं क्रोमियम. द्रावणात उरलेला कार्बन यंत्रातल्या आर्गॉन वायूशी जुळून त्याच वस्तुमानावर दिसतो. असे जोडकण गाळणाऱ्या हेलियम मोडमध्येच मोजा. हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा, नाहीतर पडताळणीसाठीचं 53 सुद्धा क्लोरीनमुळे फुगतं. शिशाचे 206, 207 आणि 208 हे तिन्ही समस्थानिक बेरजेत घ्या. उगमानुसार त्यांचं प्रमाण बदलतं. प्रत्येक खेपेत आम्लाचा ब्लँक (हळद न घातलेलं नुसतं आम्ल) आणि प्रमाणित संदर्भ नमुना (धातूंचं प्रमाण आधीच माहीत असलेला) हवाच.

समजा शिसं 64 पीपीएम, क्रोमियम 17, आणि स्वच्छ हळदीत क्रोमियम 1 आलं. ते वजा केल्यावर 64 ला 16, म्हणजे बरोबर 4. गुणोत्तर 4 पेक्षा बरंच जास्त आलं तरी लेड क्रोमेट लगेच बाद करू नका: फिकट लिंबू छटेच्या रंगात लेड सल्फेटही असतं. शिसं मर्यादेच्या जेमतेम वर असेल, तर नुसत्या गुणोत्तरावर अहवाल लिहू नका. न विरघळवलेली पावडर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा; काळसर हळदीत जड कण पांढरे चमकतात, आणि एकाच कणात शिसं व क्रोमियम दोन्ही दिसले की लेड क्रोमेटचा पुरावा भक्कम होतो.