ग्रीन कार्डची फाइल उघडण्याआधी जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रे कशी मिळवावीत

हा लेख एच-१बी या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आधीपासून नोकरी करणाऱ्या आणि ज्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी प्रायोजक होण्याचे मान्य केले आहे, अशा वाचकांसाठी आहे. पासपोर्ट, जुन्या आय-७९७ म्हणजे अर्ज-मंजुरीच्या नोटिसा, पदवी प्रमाणपत्रे आणि गुणपत्रिका एका जागी लावून ठेवलेल्या आहेत, असे मी गृहीत धरतो. स्वतःची एक आणि त्यानंतर माझ्या गटातील सहकाऱ्यांच्या चौदा फायली मी जवळून पाहिल्या आहेत, आणि ‘सगळे वकीलच बघतात, आपण फक्त सह्या करायच्या’ असे सांगणाऱ्यांचे ऐकून घेण्याचा संयम आता माझ्यात उरलेला नाही. वकील अर्ज आणि मुदती सांभाळतात. पुण्यातल्या आपल्या जुन्या साहेबांना फोन करणे हे त्यांचे काम नाही.

प्रक्रियेचा क्रम असा असतो: कंपनी अमेरिकेच्या श्रम खात्याकडून त्या पदाचे प्रचलित वेतन ठरवून घेते, जाहिराती देते, पर्मचा (त्या पदासाठी पात्र अमेरिकी कामगार मिळत नाही, यावर त्याच खात्याची मंजुरी मागणारा) म्हणजे ९०८९ क्रमांकाचा अर्ज करते, तो मंजूर झाल्यापासून १८० दिवसांच्या आत यूएससीआयएस या स्थलांतर खात्याकडे आय-१४०, म्हणजे आपल्यासाठीची ग्रीन कार्डची याचिका, दाखल करते, आणि रांगेत आपली तारीख आली की आपण आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा स्वतःचा अंतिम अर्ज, भरतो. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तीच आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख. वर्षाला मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित प्रवर्गांतली भारतीयांची रांग दशकाहून लांब आहे, त्यामुळे ही तारीख जितकी लवकर पडेल तितके बरे. पण या घाईतच बहुतेकांची चूक होते.

अनुभवपत्रे श्रम खात्याला पाठवावी लागत नाहीत. ती आय-१४० सोबत, म्हणजे पर्म मंजूर झाल्यानंतर जोडायची असतात, आणि म्हणून ‘वेळ आली की मागवू’ असे म्हणून लोक ती बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात पदाची किमान पात्रता वेतननिश्चितीच्या ९१४१ क्रमांकाच्या अर्जातच लिहिली जाते, जाहिराती त्याच पात्रतेवर निघतात, आणि पर्मचा अर्ज एकदा दाखल झाला की त्यात बदल करता येत नाही. तिथे ‘पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव आणि अमुक डेटाबेसवरील काम’ असे लिहिले गेले, तर तो अनुभव प्रायॉरिटी डेटच्या आधी आपल्याकडे होता हे कागदाने सिद्ध करावेच लागते. कागद मिळत नसेल तर त्या मंजूर पर्मचा उपयोग शून्य. म्हणून पत्रे आधी हातात घ्यावीत आणि जे पत्रांत सिद्ध होते तेवढेच कंपनीला पात्रतेत लिहू द्यावे. अर्थात ते त्या पदाला खरोखर लागणारेही असले पाहिजे.

माझ्या बाबतीत हे उलट्या क्रमाने झाले. पुण्यातल्या पहिल्या कंपनीने नोकरी सोडताना दिलेले पत्र चार ओळींचे होते: हुद्दा, रुजू होण्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि ‘वर्तणूक चांगली होती’. ते आय-१४० सोबत जोडले गेले आणि पुराव्याची मागणी करणारी नोटीस आली, जिला उत्तर देण्यासाठी ८४ दिवस होते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने कामाचे स्वरूप लिहून देणे आपल्या धोरणात बसत नाही असे कळवले, माझे तेव्हाचे व्यवस्थापक नोकरी बदलून बेंगळुरूला गेले होते, आणि त्यांचा नवा क्रमांक शोधण्यातच तीन आठवडे गेले. उत्तर ७१ व्या दिवशी रवाना झाले. तो काळ मी कोणाच्याही वाट्याला येऊ नये असे म्हणेन, म्हणूनच पुढचे सविस्तर लिहितो.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात लिहिणाऱ्याचे नाव, हुद्दा व पत्ता असावा. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवसासकट असावी, नोकरी पूर्णवेळ होती हे स्पष्ट शब्दांत असावे, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामाचे वर्णन असावे. ‘सॉफ्टवेअर विकसनाच्या विविध जबाबदाऱ्या पार पाडल्या’ या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही. ‘विमा दावे हाताळणाऱ्या प्रणालीचा सर्व्हरकडील भाग जावामध्ये लिहिला, ओरॅकल डेटाबेसची रचना केली आणि शेवटची दोन वर्षे चार जणांच्या गटाचे काम तपासले’ असे लिहिलेले पत्र कामाला येते. ईबी-२ साठी पदवी अधिक पाच वर्षे हा मार्ग असेल तर अनुभव चढत्या जबाबदारीचा हवा, त्यामुळे वरील शेवटचा तुकडा शोभेचा नाही. ही पाच वर्षे मोजताना पदवीदान समारंभाची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्व अटी पूर्ण होऊन विद्यापीठाने पदवी मंजूर केल्याचे दाखवणारे प्रोव्हिजनल प्रमाणपत्र ग्राह्य धरता येते, हे यूएससीआयएसने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या विद्यापीठांतील समारंभ निकालानंतर किती महिन्यांनी होतात हे माहीत असलेल्यांना या मुद्द्याची किंमत कळेल.

मसुदा आपण स्वतः लिहून द्यावा, कारण जुन्या साहेबांना आपले काम आठवत असले तरी नेमके शब्द सुचत नाहीत; मात्र त्यांना तो मनमोकळेपणाने बदलू द्यावा. नव्या नोकरीच्या जाहिरातीतील वाक्ये जशीच्या तशी त्यात उतरवू नयेत. एका सहकाऱ्याने तीन कंपन्यांची तीन पत्रे आणली होती आणि तिन्हींतील दुसरा परिच्छेद शब्दशः सारखा होता. ती मी त्याला परत पाठवायला लावली.

कंपनी ठाम नकार देत असेल, किंवा बंदच पडली असेल, तर मार्ग आहे. नकाराचा ईमेल जपून ठेवावा, कारण पत्र मिळणे शक्य नव्हते हे आधी दाखवावे लागते. मग तेव्हाच्या व्यवस्थापकाकडून, आणि ते नसतील तर बरोबर काम केलेल्या दोन सहकाऱ्यांकडून, नोटरी केलेले शपथपत्र घ्यावे. त्यांनी स्वतः तिथे कोणत्या काळात आणि कोणत्या हुद्द्यावर काम केले हेही त्यात असावे. नियुक्तीपत्र, रिलिव्हिंग लेटर, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांनी तारखा सिद्ध होतात, कामाचे स्वरूप नव्हे, त्यामुळे नुसता त्यांचा गठ्ठा पाठवून भागत नाही.

सध्याच्या कंपनीत मिळवलेला अनुभव तिच्याच पर्ममध्ये सहसा धरला जात नाही. आधीचे पद आणि नवे पद यांतील निम्म्याहून अधिक काम वेगळे असेल तर तो चालतो. शिक्षणानंतर थेट इथेच रुजू झालेल्यांनी हे पहिल्याच बैठकीत विचारावे. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. एकटी असेल तर ती अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरली जात नाही, म्हणून त्यावर एमसीए असले तरी शैक्षणिक मूल्यांकन आधीच करून घ्यावे.

आणि जी कन्सल्टन्सी ‘अनुभवाचे पत्र आम्ही करून देतो’ म्हणते, तिच्या दारातही उभे राहू नये. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचे आढळले तर माणूस अमेरिकेतील प्रवेशासाठी कायमचा अपात्र ठरू शकतो. पत्रातील तारखा आपल्या जुन्या व्हिसा अर्जांशी, रेझ्युमेशी आणि लिंक्डइनशी जुळतात का, हे स्वतः ताडून पाहावे. अधिकारीही ते पाहतात.

पुढचे टप्पे तुलनेने सोपे आहेत. दोन रविवारच्या जाहिराती, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवसांची नोंद आणि आणखी तीन प्रकारची जाहिरात हे कंपनी करते. त्या जाहिरातींवर आलेल्या उमेदवारांच्या अर्जांत किंवा मुलाखतींत आपण डोकावायचे नाही. पर्मचा वकिली आणि जाहिरातीचा खर्च कंपनीनेच करायचा असतो. तो आपल्या पगारातून कापला जात असेल तर ते नियमबाह्य आहे. ९०८९ दाखल होण्याआधी त्याची प्रत मागून अनुभवपत्रांशेजारी ठेवून वाचावी. आय-१४० साठी प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा शुल्कात लवकर निर्णयाची सोय, घ्यावी. तो मंजूर झाला आणि रांगेत नंबर लागलेला नसला तर एच-१बीला सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते.

आय-४८५ च्या वेळी जन्मदाखला लागतो आणि महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. रांगेतली वर्षे हाताशी आहेत, तेव्हा पुढच्या सुट्टीत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ते नाव भरून घेता येते का हे पाहावे.

मूळ अनुभवपत्रे मात्र वकिलाकडे देऊन विसरू नयेत. आय-१४० मंजूर झाल्यावर नोकरी बदलली तर जुनी प्रायॉरिटी डेट सहसा टिकते, पण नवी कंपनी पर्म पहिल्यापासून करते, आणि तिचे वकील सर्वांत आधी हीच पत्रे मागतात.